झऱ्याजवळचा तुकडा

माझ्या नवऱ्याची समजूत आहे की त्याला माझं सगळं माहीत आहे. लग्नाआधीचं प्रकरण, बारावीच्या प्रिलिमला केलेली कॉपी, सासूबाईंबद्दल मला खरोखर काय वाटतं ते — सगळं. ही एक गोष्ट त्याला माहीत नाही. आईला नाही, बहिणीला नाही. देवासमोर हात जोडून उभी राहते तेव्हासुद्धा मी ती कधी पूर्ण वाक्यात बोललेली नाही. आज बोलते. जमेल तसं. मध्येच थांबले तर समजून घ्या — नाही, समजून घेऊ नका, नुसतं ऐका.

इथे मेलबर्नच्या कडेला, ट्रुगानिनाच्या मराठी मंडळींत मी स्पष्टवक्ती म्हणून प्रसिद्ध आहे. गणपतीच्या मीटिंगमध्ये जे बोलायला कुणी धजावत नाही ते मी बोलते. ‘हिला विचारा, ही तोंडावर सांगेल’ असं लोक म्हणतात, कौतुकानं म्हणतात. मीही हसून ते कौतुक पदरात घेते. भांडीवाटपावर, वर्गणीवर, कुणाच्या पोरानं स्टेजवर किती वेळ नाचावं यावर मला निर्भीड मतं आहेत. एवढी निर्भीड बाई आयुष्यात फक्त एकदा बोलायला हवी होती तेव्हा काय बोलली, ते सांगायचंय.

मी मेलबर्नला आले तेव्हा विद्यार्थ्यांची लाट होती. पुण्यात दर दुसऱ्या चौकात ऑस्ट्रेलियाला पाठवणाऱ्या एजंटची पाटी. कुणी अकाउंटिंगला आलेलं, कुणी कुकरीला, कुणी हेअरड्रेसिंगला. ज्यांनी घरी कधी कुकर लावला नव्हता ते शेफ व्हायला निघाले होते, कारण शिकायचं काहीही, मिळवायचं होतं पीआर, म्हणजे इथे कायमचं राहायचा परवाना. मी त्यातली जरा दीडशहाणी. पुण्यात एलएलबी केलेली, आंतरराष्ट्रीय कायद्यात मास्टर्स करायला आले. एजंटानंसुद्धा विचारलं होतं, “मॅडम, यात जॉब आहे का?” नव्हता. पण मला वाटायचं, मी एक दिवस हेगला, आंतरराष्ट्रीय न्यायालयात उभी राहीन. आज मी कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, बांधकाम परवान्यांच्या विभागात आहे आणि लोकांच्या पत्र्याच्या शेड कुंपणापासून किती लांब हव्यात ते सांगते.

रीम मला पहिल्याच आठवड्यात भेटली. वर्गात शेजारी येऊन बसली, सँडविच काढलं, अर्धं तोडून माझ्यापुढे ठेवलं. ओळख नाही, पाळख नाही. मी म्हटलं, नको. तिनं ऐकलंच नसल्यासारखं केलं. बोलताना दोन्ही हात चालायचे तिचे, आणि चिडली की अजून छान बोलायची. जन्म मेलबर्नचाच, पण वडील बेथलेहेमजवळच्या एका डोंगरावरच्या गावातले. इथे ते इलेक्ट्रिशियन होते. तिच्याहून एका वर्षानं मोठा भाऊ सामी, आमच्याच युनिमध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटीत, इंजिनिअरिंगला, आणि क्रिकेटचा वेडा. मी भारतीय आहे म्हटल्यावर त्यानं पहिल्या भेटीत मला लेगस्पिनबद्दल जे काही विचारलं त्यातलं मला अक्षरही कळलं नव्हतं.

त्यांच्या घरी माझे बरेच रविवार गेले. सनशाइनच्या भाड्याच्या घरात आम्ही मुली दाटीवाटीनं राहायचो, तिथून सुटका म्हणून मी ट्रेन बदलत कोबर्गला त्यांच्याकडे जायची. रीमची आई माझ्या ताटात वाढतच राहायची. तिच्या वडिलांना मी अंकल म्हणायची. ते कमी बोलायचे, पण गावाचा विषय निघाला की थांबायचे नाहीत. दर वर्षी मे महिन्यात त्यांच्या लोकांचा मेळावा व्हायचा, कम्युनिटी हॉलमध्ये. तिथे इथे जन्मलेल्या मुलांना गावाबद्दल सांगायचं काम त्यांचं. कुठल्या उतारावर काय पिकायचं, कुठल्या झऱ्याचं पाणी कुणाच्या पाळीचं. मी एकदा गेले होते. पोरं पहिल्यांदा चुळबुळत होती, नंतर गप्प बसून ऐकत होती. त्या माणसाची तेवढीच मिरवायची जागा होती — मला हे तेव्हाच कळलं होतं. लक्षात ठेवा, मला कळलं होतं.

कायदा मला प्रोफेसरांपेक्षा रीमनं जास्त शिकवला. मी एकदा तिला विचारलं होतं — जरा लाजत — की त्यांच्या मुलखावर ताबा ठेवून तिथे ज्या वसाहती उभ्या केल्या त्यांच्यासाठीची काही जमीन रीतसर विकत घेतलेली असते म्हणतात, मग? ती हसली. म्हणाली, तुझ्या गावात बाहेरच्या कुणी जमीन घेतली आहे का? मी म्हटलं, पुण्याजवळ आमच्या हिंजवडीत अर्ध्या जगानं घेतली आहे. “मग तिथे त्यांचं सैन्य उभं आहे? त्यांचे कायदे चालतात?” नाही. संपलं. शेत विकलं की शेताचा मालक बदलतो, मुलूख कुणाचा हे बदलत नाही. आपलं भवितव्य आपण ठरवायचा हक्क हा सगळ्या लोकांचा मिळून असतो, तो एकट्यादुकट्याच्या खिशात नसतोच, मग तो विकणार कसा? आणि ताब्यात घेतलेल्या प्रदेशात आपली माणसं नेऊन वसवायची नाहीत, हा नियम जमिनीची कागदपत्रं बघून बदलत नाही. इतकं सरळ. मला पटलं, पूर्ण पटलं. पुढे जे केलं ते अज्ञानापोटी केलं असं म्हणायची सोयसुद्धा मी स्वतःला ठेवलेली नाही.

मग तो एक रविवार. दुपारी आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसून द्राक्षाच्या पानांत भात भरत होतो. अंकल मागच्या अंगणात टोमॅटोंना काठ्या लावत होते. हातात तांदूळ होता म्हणून असेल, मला आमची गोष्ट आठवली, आणि मी ती सांगून टाकली.

मुळशीत आमची भातखाचरं होती, बाबांच्या वाटणीला आलेली. माझ्या फीसाठी बाबांनी ती विकली. गावाकडच्या चुलत्यांना अर्थातच कळलं आणि त्यांनी बोलणं टाकलं. पण आईच्या माहेरी पत्ता नव्हता. कारण दर वर्षी सुगी झाली की आई तिच्या भावाबहिणींना ‘शेतावरचा इंद्रायणी’ वाटायची, तोच तिचा माहेरातला मान. शेत गेल्यावर काय करणार? आई मार्केट यार्डातून तांदूळ आणायला लागली. घरी आणून छापील पिशव्या फाडायच्या, जुन्या कापडी पिशव्यांत भरायचा, आणि वरून मूठभर तूस मिसळायचं, म्हणजे शेतावरचा दिसतो. मावशी फोनवर सांगायची, दुकानातल्या तांदळाला ही चव नाही गं. हे सांगताना मी खूप हसले आणि मग रडले. परक्या देशात, परक्या भाषेत सांगितलं म्हणून सांगता आलं. आईला कळलं असतं तर तिनं मला उंबऱ्यात पाय ठेवू दिला नसता.

रीम हसली नाही. ती उठली, मागचं दार लोटून आली. आणि मग तिनं मला त्यांची गोष्ट सांगितली.

तिच्या आजोबांनी झऱ्याजवळचा अंजिरांचा एक तुकडा विकला होता. घेणारा शेजारच्या शहरातला, त्यांच्याच भाषेत बोलणारा. घरी येऊन कॉफी प्यायला, मुलाला घर बांधायचंय म्हणाला, आईची शपथ घेतली. आजोबांनी विश्वास ठेवला. तो माणूस दुसऱ्याच कुणाच्या वतीनं घेत होता. काही वर्षांनी तिथे कुंपण आलं, मग सैनिक, मग वर डोंगरावर वसाहतीची लाल कौलांची घरं, आणि झऱ्याकडे जायची गावची वाट बंद झाली. आजोबा गावात दारोदार गेले. मी फसलो, मला माहीत नव्हतं, असं सांगत फिरले. काहींनी मानलं. काहींनी ते मरेपर्यंत मानलं नाही.

“तुझ्या आईला नातेवाईक हसतील,” रीम म्हणाली. “माझ्या वडिलांशी लोक हात मिळवणार नाहीत.” अंकलनी हे इथे कुणालाच सांगितलेलं नव्हतं. मुलं मोठी झाल्यावर दोघांना समोर बसवून सांगितलं आणि शपथ घातली. रीमनं ती शपथ माझ्यासाठी मोडली. का? मी माझं गुपित तिच्या हातात दिलं होतं म्हणून. तिला वाटलं, आता आम्ही दोघी सारख्या.

आमच्या कोर्समध्ये वर्षाच्या शेवटी अभिरूप न्यायालय असायचं. खोटा खटला, पण न्यायाधीश खरे, निवृत्त झालेले. त्या वर्षी विषय हाच होता: ताब्यातला प्रदेश, तिथल्या वसाहती, आणि लोकांचा स्वयंनिर्णयाचा हक्क. बाजू चिठ्ठ्या टाकून ठरल्या. रीमला तिचीच बाजू आली. मला समोरची. त्यात काही पाप नव्हतं, वकिलाला आलेली बाजू मांडावीच लागते, आणि रीमनंच मला सांगितलं होतं, “चांगली लढ, mate, नाहीतर मला मजा येणार नाही.”

माझा जोडीदार कॅलम. वडील बॅरिस्टर, आजोबा बॅरिस्टर, बोलायला लागला की खोलीच त्याची. तो बोलणार, मी संदर्भ काढणार असं त्यानं पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. माझं नाव त्याला कधी नीट म्हणता आलं नाही आणि मीही ते दुरुस्त केलं नाही. मी काही सुचवलं की तो मान हलवायचा आणि लिहीत राहायचा. तो वाईट मुलगा नव्हता. त्याला मी दिसत नव्हते, एवढंच. जिंकणाऱ्या जोडीला एका वकिलांच्या कचेरीत काही आठवडे काम मिळणार होतं. मला ते हवं होतं. घरी कशासाठी काय विकलंय ते मला रोज आठवायचं. पण खरं सांगू? त्या दिवशी मनात ते काम नव्हतंच.

एका आर्वोला — इथे दुपारला असंच म्हणतात — आम्ही युनिच्या कँटीनमध्ये बसलो होतो. कॅलम वैतागलेला. म्हणाला, कायद्यात ते आपल्याला खातील, आणि वर रीम तिचं गाव घेऊन उभी राहील. आपल्याकडे माणूस नाही. आपल्याकडे गोष्ट नाही.

मी म्हटलं, “माझ्याकडे एक आहे.”

त्यानं पेन खाली ठेवलं. मी बोलताना त्यानं पेन खाली ठेवलं ते तेव्हा पहिल्यांदा. आणि मी सांगत गेले. झरा, अंजिरं, म्हातारा, विक्री. तो डोळे न हलवता ऐकत होता. किती बरं वाटलं मला! एवढ्या क्षुल्लक सुखासाठी माणूस काय विकू शकतो, नाही? आणि सांगता सांगता मी त्या घेणाऱ्यापाशी आले — त्याची खोटी शपथ, त्याचं दुसऱ्याच्या वतीनं घेणं. शब्द जिभेवर होते. तेवढ्यात कॅलम म्हणाला, “That's gold.” आणि मी उरलेलं गिळलं. विसरले नाही. गिळलं. पुरी गोष्ट सांगितली असती तर ती त्याच्या कामाची राहिली नसती आणि त्यानं पेन परत उचललं असतं.

“नाव घेऊ नकोस,” एवढं मात्र मी बजावलं. तेवढ्यानं माझं समाधान झालं होतं. खरंच झालं होतं.

अभिरूप न्यायालयाच्या दिवशी रीमच्या लोकांनी दोन रांगा भरल्या होत्या. मेळाव्यात पाहिलेले चेहरे. अंकल सूट घालून पुढे बसलेले. सामी प्रॅक्टिसहून थेट आला होता, क्रिकेटची बॅग घेऊन दाराशी उभा. रीम उभी राहिली आणि काय बोलली! हेगच्या न्यायालयानं त्यांच्या मुलखातून बांधलेल्या भिंतीबद्दल दिलेलं मत तिनं असं मांडलं की जणू तिथे ती हजर होती. न्यायाधीशबाई ते केवळ मत आहे, बंधन नाही म्हणाल्या, तर तिनं शांतपणे सांगितलं की मत बंधनकारक नसेल, पण त्यात सांगितलेला हक्क बंधनकारक आहे, आणि तो साऱ्या जगावर आहे. मी समोरच्या बाजूला बसून मनातल्या मनात टाळ्या वाजवत होते. मला काय माहीत नव्हतं पुढे काय येणार आहे? — माहीत होतं. मीच तर टाईप करून दिलं होतं.

कॅलमनं नाव घेतलं नाही. त्यानं शब्द पाळला. तो फक्त म्हणाला की इथे जमलेल्या अभिमानी कुटुंबांतसुद्धा असे आजोबा आहेत ज्यांनी झऱ्याजवळची आपली अंजिरांची बाग राजीखुशीनं विकली. आता नातवंडांनी तक्रार कशी करावी? आणि बोलताना रीमकडे बघितलं. बस्स. दोन रांगांतल्या माणसांनी तो झरा अंकलच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकला होता. माना हळूहळू वळल्या. अंकल खाली वाकले, बुटाची नाडी बांधायला. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

न्यायाधीशबाईंनी कॅलमला तिथेच थांबवलं. हे दाव्याच्या कागदांत नाही, त्या म्हणाल्या, आणि असतं तरी एका शेताच्या विक्रीवरून प्रदेशावरचा हक्क कुणाचा याबद्दल मला काहीही कळत नाही, पुढे चला. कायद्यानं माझ्या त्या मुद्द्याला एवढाच वेळ दिला. आम्ही हरलो. रीमची बाजू जिंकली. म्हणजे मी जे केलं त्याचा खटल्याला तीळमात्र उपयोग झाला नाही, आणि इकडे एका माणसाची मान वर यायला तयार नव्हती.

आता — तुम्हाला वाटेल, हाच तो गुन्हा. मलाही बरीच वर्षं वाटायचं की हाच. मी स्वतःलाही आजवर एवढंच सांगून थांबत आले. पण हा अर्धा आहे.

नंतर रीम मला बाथरूममध्ये सापडली. नळ चालू होता, ती नुसती उभी होती. माझ्याकडे वळली. रडत नव्हती. म्हणाली, “त्याला कुणी सांगितलं?”

तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल शंका नव्हती. तुम्हाला कळतंय का? ती मला विचारत होती, जसं घरातल्या माणसाला विचारतात. ‘मी’ म्हणायचं होतं. एक अक्षर. ते म्हटलं असतं तर तिनं थोबाडीत मारली असती, पुन्हा तोंड बघितलं नसतं, आणि ते ठीकच झालं असतं. मी तोंड उघडलं. आणि म्हटलं —

“कॅलम आणि सामी एकाच टीममध्ये खेळतात ना?”

त्यातला शब्दन् शब्द खरा होता. खेळत होते ते एकाच टीममध्ये, युनिच्या क्रिकेटच्या. मी कुणावर आरोप केला नाही, नाव लावलं नाही, फक्त विचारलं. रीमच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उतरताना मी पाहिलं. तिनं नळ बंद केला आणि निघून गेली. मी तिथेच उभी राहून हात धुतले — खरंच धुतले, साबण लावून. आजही ते आठवलं की माझी मला किळस येते.

सामीनं शपथा घेतल्या. घरात ओरडाआरडा झाला, तो मला रीमनंच सांगितला, माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून. तिनं ती शपथ माझ्यापाशी मोडली होती, हे मात्र तिनं घरी सांगितलं नव्हतं. सामी कॅलमकडे गेला, खरं सांग म्हणाला. कॅलमनं सांगितलं की कुणी विश्वासानं सांगितलेलं नाव मी देणार नाही. त्यानं मला वाचवलं, आणि त्याला वाटलं असेल की हे फार सभ्यपणाचं झालं. घरात त्याचा अर्थ उलटाच लागला: सामी नसता तर नाव का लपवलं असतं? पुढच्या मे महिन्यात अंकल मेळाव्याला गेले नाहीत. त्यांना कुणी येऊ नका म्हटलं नव्हतं. या असंही कुणी म्हटलं नाही. सामी घर सोडून निघून गेला. रीमनं जिंकलेलं ते काम घेतलंच नाही.

आणि मी? मी त्या घरी जात राहिले. पानांत भात भरत राहिले. रीमची आई मला म्हणायची, तू आहेस म्हणून ही जेवते. मग माझं पीआर आलं, लग्न ठरलं, आम्ही शहराच्या पश्चिमेकडे, इथे राहायला आलो, भेटी कमी होत गेल्या. रीम सिडनीला गेली. मी फोन कमी केले. लाज वाटायची म्हणून नव्हे, कंटाळा यायला लागला होता. स्वतःच्या पापाचाही कंटाळा येतो, हे मला तेव्हा कळलं.

अलीकडे इथल्या जेवणावळींत हा विषय निघतो. बातम्याच तशा असतात. कुणीतरी हमखास म्हणतं, “अरे, त्यांनीच तर जमिनी विकल्या ना? मग आता कसला हक्क?” आणि सगळे माझ्याकडे बघतात, कारण मी वकील, मी स्पष्टवक्ती. याचं उत्तर मला झोपेतही देता येईल. हिंजवडीचं उदाहरण तयार आहे. मी म्हणते, “पुऱ्या गार होतायत, घ्या ना.” ते वाक्य दुसऱ्याच्या तोंडून आलं की मला वाटतं, हे मीच याला टाईप करून दिलंय.

आणि मग गेल्या उन्हाळ्यात आमच्या सोलारचा इन्व्हर्टर बिघडला. नवऱ्यानं कुणाला तरी बोलावलं होतं. दार उघडलं तर सामी. केस पांढरे झालेले, शर्टावर त्याच्या स्वतःच्या छोट्या धंद्याचं नाव. त्यानं मला लगेच ओळखलं, आणि माझं नाव नीट उच्चारलं. मी त्याला चहाला बसवलं. माझी मुलगी डोकावून “Mum, who's that?” म्हणाली, मी म्हटलं, जुना मित्र. मला दुसरा शब्द सुचला नाही.

अंकल गेले होते. त्यांच्या दफनाच्या वेळी सामी एका बाजूला उभा राहिला, रीम दुसऱ्या. तिच्या मुलांना त्याचा चेहरा माहीत नाही. हे सगळं त्यानं हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. मग कप खाली ठेवला आणि म्हणाला, “तू तिच्या सगळ्यात जवळ होतीस. तिला मीच का वाटलो? ती कधी बोलली तुझ्याशी?”

इतकी वर्षं मी मनाशी म्हणत आले होते की कुणी समोरासमोर विचारलं तर मी सांगून टाकेन, पण विचारायला येणार कोण? तो माझ्या घरी येऊन, माझ्या डायनिंग टेबलावर बसून विचारत होता. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. मी उठून गॅस बंद केला, परत येऊन बसले.

“नाही,” मी म्हटलं. “कधीच नाही बोलली.”

तो मान हलवून म्हणाला, “No worries.” इन्व्हर्टर दुरुस्त केला, चहाबद्दल थँक्यू म्हणून गेला. जाताना म्हणाला, रीमशी कधी बोलणं झालं तर सांग, मी बरा आहे. मी हो म्हटलं. रीमचा नंबर माझ्याकडे आहे. त्याचाही आहे आता. इन्व्हर्टर छान चालतोय.

तर झालं ते असं. रीमच्या आजोबांना फसवून जमीन घेतली गेली, ते मी अर्धंच सांगितलं. ते सामीनं बाहेर फोडलं नव्हतं. मी फोडलं होतं, आणि फोडून त्याच्याकडे बोट दाखवलं होतं. बघा, लिहिता येतंय, सरळ वाक्यात येतंय. हे मी मराठीत लिहिलं आहे. रीमला मराठी वाचता येत नाही. सामीलाही येत नाही. लिहायला बसले तेव्हा मला ते माहीत होतं.